अस्वलाच्या नावावर

प्रीता खटावकरच्या डाव्या हाताला अंगठा धरून चार बोटं उरली आहेत आणि उजव्या भुवईवर पाच टाक्यांची खूण आहे. बोट ज्वालामुखीने नेलं. भुवई एका बाईने फोडली, स्टीलच्या पातेल्याने. पातेल्याचं कुणी विचारलं तर प्रीता एवढंच म्हणते, "शी वॉज राइट." बोटाचं विचारलं तर विषय बदलते. लोकांना वाटतं, बोटाची गोष्ट जास्त भयंकर असणार. तसं काही नाही. दोन्ही गोष्टी एकच आहेत, आणि एका अस्वलापासून सुरू होतात. ते अस्वल तिथे नव्हतंच, हा भाग वेगळा.

बाप कराडचा. शैलेंद्र खटावकर एकोणऐंशी साली इंजिनियर म्हणून मॅसॅच्युसेट्सला आले, श्रूजबरीत घर घेतलं आणि दोन्ही मुलींना डॉक्टर करायचं ठरवून टाकलं. थोरली झाली. धाकटी प्रीता घरातला रेडिओ उघडायची, मिक्सर उघडायची, आणि उघडलेलं पुन्हा जोडायचीही, त्यामुळे तिला ओरडताही येत नसे. ती इलेक्ट्रॉनिक्स शिकली आणि पंचविसाव्या वर्षी अलास्कातल्या एका ज्वालामुखी वेधशाळेत टेक्निशियन म्हणून लागली. मंडळाच्या गणपतीत 'टेक्निशियन' हा शब्द उच्चारणं शैलेंद्ररावांच्या जिवावर यायचं. शेवटी त्यांनी तोडगा काढला. कुणी विचारलं की म्हणायचे, "आमची धाकटी डोंगराला ईसीजी लावते." लोक हसायचे. पण तिच्या कामाचं इतकं बिनचूक वर्णन वेधशाळेच्या वेबसाइटवरही नव्हतं.

ते डोंगर कुठले, तेही सांगायला हवं. अलास्काच्या नैर्ऋत्येला जमिनीची एक चिंचोळी पट्टी समुद्रात घुसली आहे, जवळजवळ आठशे किलोमीटर लांब. एका अंगाला बेरिंगचा समुद्र, दुसऱ्या अंगाला पॅसिफिक. गावांना जोडणारा रस्ता नाही. विमान, बोट नाहीतर हेलिकॉप्टर. या पट्टीखाली पॅसिफिकचा तळ दर वर्षी बोटाच्या लांबीइतका आत शिरतो. बोटभर म्हणजे काय ते, असं वाटेल. पण शिरणारा अख्खा समुद्राचा तळ आहे. जाताना तो पाणी घेऊन जातो, ते पाणी खाली शंभर किलोमीटरवर तापलेल्या खडकात मुरलं की खडक वितळतो, आणि वितळलेला खडक वर यायला वाट शोधतो. म्हणून या द्वीपकल्पाच्या कण्यावर ज्वालामुखी रांगेने उभे आहेत. इथे काहीच सौम्यपणे होत नाही. वारा माणसाला उचलून आपटतो. राखेखालचं बर्फ एका दुपारी वितळतं आणि चिखलाचा लोंढा झाडोऱ्यासकट दरी खरवडून नेतो, मागे घराएवढे धोंडे ठेवतो. प्रीताने हे सगळं पाहिलं होतं आणि तिला ते आवडायचं. सरळ सांगायचं तर तिला तिथे जिवंत वाटायचं.

सोकोल हा त्या रांगेतला एक डोंगर, फारसा नावाजलेला नाही. वर विवर, विवरात हिरवट पाण्याचं तळं, खाली वीस किलोमीटरवर मासे डबाबंद करायच्या कारखान्याभोवतीचं छोटं गाव. सोकोलवर पाच स्टेशनं होती आणि पाचही प्रीताची. स्टेशन म्हणजे फ्रिजएवढी फायबरग्लासची पेटी, आत बॅटऱ्या आणि रेडिओ, वर सोलर पॅनेल. पेटीतून निघालेली केबल प्लास्टिकच्या नळीतून जमिनीखालून जाते आणि खड्ड्यात पुरलेल्या यंत्राला मिळते. डोंगराच्या पोटात बारीकसा धक्का बसला तरी तो तिथे कळतो आणि रेडिओवरून अँकरेजच्या ऑफिसात पोचतो.

या पेट्यांचा वैरी एकच, अस्वल. तिथली तपकिरी अस्वलं सहाशे किलोपर्यंत भरतात आणि त्यांना नळीचं प्लास्टिक चघळायची खोड असते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी प्रीताने एक अस्वल कामावर असताना पाहिलं. तीस पावलांवर. त्याने पेटीचं झाकण बिजागरीसकट उपटलं, वीस किलोची बॅटरी पंजाने उडवली, ती दगडावर आपटून फुटली आणि आतलं आम्ल गवतावर फसफसत पसरलं. मग ते खाली बसलं आणि फायबरग्लासचा तुकडा चावत राहिलं. हिरड्या फाटून तोंडातून रक्त गळत होतं, तरी ते थांबेना. प्रीताच्या हातात बंदूक होती. ती उचलायचंही तिला सुचलं नाही. 

तेव्हापासून उन्हाळ्यात स्टेशन गप्प झालं की ऑफिसात कुणी दुसरा विचार करत नसे. बिघाडाच्या नोंदीत 'कारण' असा रकाना असतो. रोज उठून तेच तेच टाइप करायला नको म्हणून प्रीतानेच त्यात यादी टाकून घेतली होती: अस्वल, वारा, बर्फ, बॅटरी, इतर. यादीत पहिलं अस्वल, कारण दहातल्या आठ वेळा तेच असायचं. डोंगर स्वतःच यंत्र बंद पाडेल, हे यादीत घालायचं कुणालाच सुचलं नाही. तेरा वर्षं सगळं अस्वलाच्या नावावर टाकत गेले आणि तेरा वर्षं ते जवळजवळ खरंच निघत गेलं. सवय लागायला आणखी काय हवं?

अँकरेजमध्ये तिचं घर वेगळं होतं, पण रविवारचं जेवण केदार घळसासीकडे. केदार मूळचा नागपूरचा, बावन्न वर्षांचा, ज्वालामुखीच्या वायूंचा अभ्यास करणारा. डॉक्टरेट करायला अलास्कात आला आणि तिथलाच झाला. बायको राधिका हॉस्पिटलात फार्मासिस्ट. पहिल्याच हिवाळ्यात राधिकाने प्रीताला मुगाची खिचडी वाढली आणि जाताना उरलेली पातेल्यासकट हातात दिली. पुढच्या रविवारी पातेलं परत करायला म्हणून प्रीता गेली, पुन्हा जेवून आली, आणि अशी चौदा वर्षं गेली. केदारला ती नावाने हाक मारायची, राधिकाला मात्र वहिनी म्हणायची. आईने फोनवर तशी तंबी दिली होती.

केदार बोलायचा फार. तिच्या इंग्रजीमिश्रित मराठीची टिंगल करायचा, तिच्या गाडीची करायचा. एकदा मात्र तो सहज एक गोष्ट बोलून गेला होता. "तुझा बाप कराडचा, मी नागपूरचा. आपल्याकडचा खडकही असाच आगीतून आलेला, पण कधीचा थंड झालाय. त्यावर देवळं बांधली, किल्ले बांधले. म्हणून आपल्याला दगड म्हणजे थंडच असतो असं वाटतं. इथे येऊन मी ते विसरायला शिकलो."

चार वर्षांपूर्वीच्या जुलैत सोकोलच्या पश्चिम उतारावरची दोन स्टेशनं एका दिवसात बंद पडली. दोन दिवसांनी प्रीता, केदार आणि पायलट ऑस्कर कारखान्याच्या भोजनगृहात न्याहारीला बसले होते. ऑस्कर साठीचा, त्याच द्वीपकल्पावर जन्मलेला. आई तिथल्या मूळ लोकांपैकी, आजोबा नॉर्वेहून आलेला कोळी. केदारला विवरात उतरून तळ्याकाठच्या वायूने बाटल्या भरायच्या होत्या. वेधशाळेचा नियम साधा होता. दोन स्टेशनं बंद असतील तर टेक्निशियनने कारण सांगितल्याशिवाय विवरात कुणी उतरायचं नाही.

"वेस्ट वन आणि टू दोन्ही डाउन आहेत," केदार म्हणाला. "मी जाऊ ना?"

"जा ना."

"काय झालंय पण?"

प्रीता केबलची टोकं सोलत होती. तिने मान वर केली नाही. "बेअर, यार. जुलै आहे. दुसरं काय असणार?"

"दोन्ही? एकाच दिवशी?"

"सेम बेअर. एकाचं लंच केलं, दुसऱ्याचं डिनर."

केदार हसला. ऑस्कर हसला नाही. कॉफीचा कप खाली ठेवून तो इंग्रजीत म्हणाला, "त्या बाजूच्या ओढ्यात यंदा सामन चढलेला नाही. मासा नाही तिथे अस्वल कशाला जाईल?"

"त्याला प्लास्टिक जास्त आवडतं," प्रीता म्हणाली, आणि टॅब्लेटवर रकाना उघडून पहिल्या शब्दावर बोट ठेवलं. हेच ते पुढे गेलेलं बोट. तिने डाव्या हाताने दाबलं होतं, कारण उजव्यात सुरी होती.

साडेनऊला ऑस्करने केदारला विवराच्या काठावर उतरवलं. तासाभरात केबल जोडून प्रीताही वर जाणार होती. केदार पाठीवर बाटल्यांची पेटी घेऊन तळ्याकडे उतरायला लागला तेव्हा त्याने वळून हात केला. हेलिकॉप्टरमध्ये बसलेली प्रीता हत्यारांची पिशवी आवरत होती. तिने हात केला की नाही, हे तिला आजही आठवत नाही, आणि ते न आठवणं तिला छळतं.

वेस्ट वनपाशी उतरल्यावर पहिल्यांदा तिला राग आला. झाकण जागच्या जागी, कुलूप जागच्या जागी, सोलर पॅनेलवर ओरखडासुद्धा नाही. बॅटरी भरलेली. म्हणजे बिघाड पुढे केबलमध्ये. ती नळीच्या मागाने चालत गेली. पन्नास पावलांवर शेवाळ हिरव्याचं तपकिरी झालं होतं. आणखी पुढे नळी जमिनीतून उघडी पडली होती, आणि ती चावलेली नव्हती. ती वितळली होती. तापल्या तव्यावर पिशवी चिकटावी तशी ती मातीला चिकटली होती आणि आतली तांब्याची तार उघडी दिसत होती. पलीकडे एक कोल्हा पडला होता, तोंड उघडं, अंगावर जखम एकही नाही. प्रीताने हातमोजा काढून तळवा जमिनीवर ठेवला आणि लगेच उचलला.

त्या क्षणी तिला सगळं कळलं. दोन यंत्रं एका दिवशी का गेली, ऑस्करने मासळीचं का काढलं, केदारने दुसऱ्यांदा का विचारलं. डोंगर खालून तापत या बाजूला वर आला होता, आणि हे सांगणारी दोन यंत्रं त्याने सर्वांत आधी जाळली होती. बाकीची तीन लांब, पलीकडच्या अंगाला. त्यांना जेमतेम कुरकुर ऐकू जात होती.

तिने रेडिओ तोंडाशी धरला. "केदार, बाहेर ये. आत्ता."

"आलोच. दोन बाटल्या भरायच्या राहिल्यात."

"सोड त्या. बेअर नव्हतं. केदार, बेअर नव्हतं. ग्राउंड इज हॉट."

 मग त्याचा आवाज आला, नेहमीची मस्करी उतरलेला. "बरं. निघालो."

तळ्यापासून काठापर्यंत दोनशे मीटरची खडी चढण. चांगल्या चालणाऱ्याला पंधरा मिनिटं. प्रीता धावत येऊन चढली. ऑस्करने पंख्याला पूर्ण वेग येईतो जेमतेम दम धरला आणि हेलिकॉप्टर उचललं. काठावर आले तेव्हा केदार अर्ध्यावर होता, नारिंगी जॅकेट, चार पायांवर चढत होता. त्याच्या खाली तळं हिरवं राहिलं नव्हतं, राखाडी झालं होतं आणि मधोमध फुगत होतं.

मग तळं फुटलं. ज्वाला नाही, लाव्हा नाही. नुसती वाफ, चिखल आणि दगड, पण सगळं एकदम आणि सगळं वर. काळे खांब आभाळात घुसले. आवाज कानाला नंतर आला, आधी छातीवर बसला. हेलिकॉप्टर वाऱ्याने बाजूला फेकलं गेलं, ऑस्करने शिव्या हासडत ते काठाच्या बाहेरच्या अंगाला नेऊन टेकवलं. दगड पडू लागले. मुठीएवढे, डोक्याएवढे, एक तर चुलीएवढा, तो वीस पावलांवर आदळून फुटला आणि त्याचे तुकडे तापलेले होते. पुढची काच तडकली. "एक मिनिट," ऑस्कर ओरडला. "एकच."

प्रीता उतरून धावली. काठावर नारिंगी जॅकेट वर आलं. केदार उभा राहिला, त्याने तिला पाहिलं, तिच्या दिशेने तीन-चार पावलं टाकली. मग पाठीवर काहीतरी बसलं आणि तो पालथा कोसळला. त्याच्यावर गरम चिखलाचा मारा चालू होता. तिने त्याच्या पिशवीचा पट्टा धरला आणि ओढायला लागली. चिखल मोज्यातून आत जाऊन हात भाजत होता, कानात नुसती शिट्टी, तोंडात गंधक. केदार पंच्याऐंशी किलोचा माणूस. तिने त्याला हातभर हातभर करत ओढलं. हेलिकॉप्टरच्या दाराशी पोचली, डाव्या हाताने चौकट धरली, उजव्याने त्याला आत लोटलं, आणि त्याच चौकटीवर एक दगड येऊन बसला. तेव्हा तिला काही वाटलंसुद्धा नाही. आत चढून दार ओढताना हात नीट मिटत नाही, एवढंच तिच्या लक्षात आलं.

गावापर्यंत चौदा मिनिटं. केदारचं डोकं तिच्या मांडीवर. तो शुद्धीवर होता, आणि ते जास्त वाईट होतं. श्वास घेताना त्याच्या छातीतून पाणी खळखळल्यासारखा आवाज येत होता. तिने त्याचं तोंड पुसलं, दोघांचं रक्त एकमेकांत मिसळलं. तिला वाटलं तो काही विचारेल, काही बोलेल, दोष देईल. तो म्हणाला, "बाटल्या राहिल्या गं."

"पुन्हा भरू," ती म्हणाली.

गावालगतच्या उपसागरावर आले तेव्हा त्याच्या छातीतला आवाज थांबला. ऑस्करने मागे वळून पाहिलं, पुन्हा पुढे पाहिलं आणि तितक्याच वेगाने चालवत राहिला.

पुढे चौकशी झाली. अहवालात छापलं, 'स्फोट कोणत्याही पूर्वसूचनेविना झाला.' पूर्वसूचनेविना! दोन दिवस आधी डोंगराने दोन यंत्रं जाळली, एक कोल्हा मारला, अर्धा उतार भाजून काढला. याहून मोठ्याने त्याने काय बोलायचं होतं? प्रीताचा वरिष्ठ हॉस्पिटलात येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, तिच्या जागी कुणीही अस्वलच म्हटलं असतं. ते खरंच होतं. म्हणून तर त्याचा काही उपयोग नव्हता. ऑस्कर एकदाच आला. खुर्चीच्या कडेला बसला आणि म्हणाला, "त्या टेबलावर आपण तिघेच होतो. मी काही बोलणार नाही. काय सांगायचं ते तू ठरव."

नोंदीत 'अस्वल' होतं हे ऑफिसला ठाऊक होतं, पण केदारने दोनदा विचारलं होतं आणि तिने मान वर न करता उत्तर दिलं होतं, हे तिला आणि ऑस्करलाच ठाऊक होतं. गप्प बसली असती तर गोष्ट तिथेच मिटली असती.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी, भर दुपारी, हाताला भलंमोठं बँडेज असलेली प्रीता राधिकाच्या दारात उभी राहिली. शॉमबर्गहून राधिकाची धाकटी बहीण रुपाली आली होती. तिने दार उघडलं. राधिका स्वयंपाकघरात भांडी खोक्यांत भरत होती. घर सोडून बहिणीकडे जायचं तिने ठरवलं होतं. मुलगा कॉलेजात परत गेला होता. प्रीता ओट्याशी उभी राहिली. बस, असं कुणी म्हटलं नाही.

राधिका पातेलं वर्तमानपत्रात गुंडाळत होती. "वीस वर्षांत तो विचारल्याशिवाय कधी विवरात उतरला नाही," ती म्हणाली. "मला फोनवर म्हणाला होता, सकाळी प्रीताला विचारतो आणि मग जातो. विचारलं होतं?"

"हो."

"काय विचारलं?"

"स्टेशनं का बंद आहेत."

"तू काय म्हणालीस?"

"बेअर म्हणाले."

"तू पाहिलं होतंस?"

"नाही, वहिनी. पाहिलं नव्हतं. त्याने पुन्हा विचारलं. मी जोक केला."

रुपाली म्हणाली, "ताई, राहू दे आता." राधिकाने ऐकलं नाही. तिने पातेलं कागदातून काढलं आणि फेकलं, चार हातांवरून, सगळ्या ताकदीने. कड प्रीताच्या भुवईवर बसली. ती ओट्यावर आपटली, रक्त डोळ्यात उतरलं आणि फरशीवर ठिपकायला लागलं. पातेलं घरंगळत जाऊन टेबलाच्या पायाशी थांबलं. प्रीताने हातसुद्धा वर केला नाही. खरं तर तिला बरं वाटलं. पंधरा दिवसांत तिच्याशी खरं वागलेलं हे पहिलंच माणूस होतं.

मग राधिकानेच टॉवेल आणला. आयुष्यभर औषधांत काम केलेली बाई, रक्त तसंच वाहू देणं तिला जमेना. तिने जखम इतक्या जोरात दाबली की प्रीताच्या तोंडून हुंदका निघाला. राधिकाही रडत होती, पण हात तिने काढला नाही.

"यापुढे अस्वल म्हणशील तेव्हा दात बघून म्हण," ती म्हणाली. "आणि मला दाखव. जिथे असेन तिथे. दर वेळी."

"दर वेळी," प्रीता म्हणाली.

ती नोकरी सोडेल असं सगळ्यांना वाटलं होतं. शैलेंद्ररावांनी तर श्रूजबरीत तिची खोली रंगवून घेतली. ती गेली नाही. त्या हिवाळ्यात तिने ऑफिसात भांडून दोन गोष्टी करून घेतल्या. 'कारण'च्या यादीत पहिल्या जागी 'डोंगर' आला. आणि 'अस्वल' निवडायचं तर दातांचा फोटो जोडल्याशिवाय नोंद पुढे जाईना. लोक कुरकुरले. फोटोसाठी हेलिकॉप्टर पाठवायचं का, म्हणाले. "हो," ती म्हणाली, आणि बँडेज सुटलेला हात टेबलावर ठेवला. 

प्रत्येक फोटो शॉमबर्गला गेला. पहिल्या उन्हाळ्यात चार, दुसऱ्यात सात, तिसऱ्यात पाच. चावलेली नळी, फाडलेलं झाकण, चिखलातला पंजा. संदेश वाचल्याची खूण उमटायची. उत्तर कधी आलं नाही. प्रीतानेही मागितलं नाही.

यंदाच्या जुलैत सोकोलवरचं एक स्टेशन पुन्हा गप्प झालं. केदारच्या जागी आता चारुता आहे. सांता क्लारात वाढलेली, कामात चोख, थोडी उतावळी. ती विवराच्या काठावर बाटल्या घेऊन बसली होती. रेडिओवर तिने विचारलं, "प्रीता, बेअरच ना? उतरू का?"

"थांब. मी बघून येते."

ऑस्करने तिला उतारावर नेलं. दुरूनच दिसलं, पेटी आडवी पडली होती आणि तिच्यावर एक तपकिरी धूड बसून नळी ओढत होतं. हेलिकॉप्टर बघूनही ते हललं नाही. ऑस्कर खाली आला तसं ते उठलं, दोन पायांवर उभं राहिलं, आणि मग सरळ त्यांच्या दिशेने धावत आलं. पंख्याच्या वाऱ्यात गवत आडवं झालेलं, त्याच्या अंगावरचे केस उलटे फिरलेले, तोंडातून फेस. दहा पावलांवर ते थांबलं, जमिनीवर पंजे आपटले, एक धोंडा उकरून फेकला, आणि वळून झुडपात घुसलं. ऑस्करने हेलिकॉप्टर पेटीजवळ टेकवलं.

प्रीता उतरली. ओढ्यात सामन उसळत होता. तिने गुडघे टेकून उरलेली चार बोटं जमिनीवर ठेवली. माती गार होती. तिला रडू फुटलं. अस्वल बघून इतका आनंद झालेलं माणूस त्या द्वीपकल्पावर बहुधा दुसरं नसेल.

तिने नळीवरच्या दातांच्या भोकांशेजारी स्वतःचा हात ठेवला, मापासाठी, आणि फोटो काढला. उपग्रहावरून जायला सहा मिनिटं लागली. खाली तिने लिहिलं, 'वहिनी, सोकोल. वर चारुता थांबली आहे.'

रेडिओवर चारुताने पुन्हा विचारलं. "थांब अजून," प्रीता म्हणाली. वहिनीच्या उत्तराची वाट बघायची असं नियमात काही नव्हतं, फोटो पुरेसा होता, ऑस्करही तिच्याकडे बघत होता. ती पेटीच्या कडेवर फोन हातात धरून बसून राहिली. अकरा मिनिटांनी फोन थरथरला. चार वर्षांत पहिल्यांदाच.

'दात दिसले. जाऊ दे तिला.'

प्रीताने डोळे पुसले आणि रेडिओ उचलला. "चारुता," ती म्हणाली, "बेअर आहे. मी पाहिलं. जा."